पण ते करस काय?

जिवाणूच्या पेशीतली बरीच प्रथिने नेमके काय काम करतात, हे कोणालाच ठाऊक नसते. १९९७ साली ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा प्रथिने घडवणाऱ्या ४,२८८ जनुकांपैकी ३८ टक्क्यांचे कार्य सांगता आले नव्हते. अशाच एका प्रथिनाचे स्फटिक करून त्याच्या घडणीवरून त्याचे काम ओळखणे हा माझा व्यवसाय, मात्र धुळ्यातल्या नातेवाइकांना हे सांगण्यापेक्षा मी बेकार आहे असे सांगणे सोपे जाते, कारण नानांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण ते करस काय?" ते कळावे म्हणूनच हा खटाटोप चालला आहे, हे माझे उत्तर त्यांना उद्धटपणाचे वाटते.

स्फटिक मिळणेही दैवाधीनच. प्रथिन आणि क्षार यांचा थेंब काचेला उलटा टांगून बंद ठेवायचा. त्यातले पाणी सावकाश उडत जाते आणि प्रथिनाच्या मनात आले तर त्याचे रेणू रांगेत उभे राहतात. त्याला तापमान स्थिर लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात ऐन उकाड्यातच वीज जाते. एवढे करून थेंबात काही लखलखलेच, तर ते बहुधा मीठ निघते.

खरा स्फटिक मिळाला की तो उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत घालून आग्रा रोडने इंदूरला, इंडस-२ या कणप्रवेगकाच्या क्ष-किरणांपुढे न्यायचा. शिरपूरला चहासाठी थांबलो की ती टाकी पाहून लोक मला गुरांचा डॉक्टर समजतात. एका गृहस्थांनी तर "जर्सीचे आहे की गीरचे?" असे विचारून गाय कालपासून माजावर असल्याचे सांगितले, जिवाणूचे आहे म्हटल्यावर ते जरा सरकून बसले.

घडण उलगडल्यावर तिच्याशी जुळणारी प्रथिने शोधली. सर्वांत जवळचे जे सापडले, त्याच्यापुढेही 'कार्य अज्ञात' असेच लिहिलेले होते! तरी आशा होती. १९९८ साली आर्किया या जिवाणूंसारख्या एकपेशीय जीवांतल्या एमजे०५७७ नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात, कोणी घातलेला नसताना एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू अडकलेला आढळला आणि त्यावरून त्याच्या कामाचा माग लागला. आमच्याही प्रथिनाच्या खोबणीत काहीतरी बसलेले दिसले. बारकाईने तपासता, गोठवताना बर्फ होऊ नये म्हणून आम्हीच घातलेले ते ग्लिसरीन निघाले.

हे ऐकून मावशीला मात्र माझ्या संशोधनाविषयी प्रथमच आस्था वाटली. "मंग माले एक बाटली लई ये," ती म्हणाली, "टाचा फाटेल शेतस."