पाठ केलेले रोज तेच बोलायचे

आज एका मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवत मला ऐकवले, "तुमचे एक बरे आहे हो. एकदा पाठ केले की रोज तेच बोलायचे!" पंगतीत वाद घालणे शोभले नसते, म्हणून तिथे हसून वेळ मारून नेली. पण हे वाक्य मी नाटकात काम करू लागल्यापासून ऐकत आले आहे आणि आता त्याचा अगदी वीट आला आहे.

पाठांतर हा आमच्या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. समोरचा काय बोलणार हे शब्दन् शब्द ठाऊक असताना ते आत्ताच कानावर पडल्यासारखे ऐकायचे आणि त्या ऐकण्यातून आपले वाक्य येऊ द्यायचे, इथे खरी कसोटी लागते.

एका नाटकात माझ्या वडिलांचे काम एक ज्येष्ठ नट करत असत. मी "उद्या निघते आहे" असे म्हणायचे, त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालायची आणि "बरं" म्हणायचे, एवढाच तो प्रसंग होता. सांगलीच्या प्रयोगाला माझा घसा बसला होता, त्यामुळे वाक्य नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, जवळजवळ अपराधी स्वरात आले. त्यांनी घडी घालायला घेतलेला कागद अर्धवट तसाच मांडीवर ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि इतक्या उशिरा "बरं" म्हटले की माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात माझा आवाज सुटला होता, तर यांनी शांतपणे पूर्ण घडी घातली. मी विचारल्यावर म्हणाले, "काल तू वेगळं बोललीस, मग मी तेच कसं बोलणार?"

सांगा आता, हे पाठ कसे करायचे?

प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला, तेव्हा सगळ्यांनी आकड्याचे कौतुक केले. मला मात्र इतक्या रात्री हशाचा अंदाज घेत उभ्या राहिलेल्या नटाचे नवल वाटते. हशा ओसरू लागतो त्या नेमक्या क्षणी पुढचे वाक्य उचलावे लागते. जरा घाई झाली तर शब्द हशात बुडतात, जरा उशीर झाला तर प्रवेश थंड पडतो, आणि तो क्षण कालच्या प्रेक्षकांचा आज चालत नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाची चालती प्रॅक्टिस सोडून रंगभूमी धरली, ती काय घोकंपट्टीच्या हौसेने?

आमच्यातही पोपटपंची करणारे आहेत, हे नाइलाजाने मान्य करते. विंगेत मोबाइल पाहता पाहता एन्ट्री घेणारेही आहेत, आणि त्यांनाही टाळ्या मिळतात. मिळोत. अर्धवट घडी घातलेल्या त्या कागदाकडे प्रेक्षकांपैकी बहुधा कोणाचेही लक्ष गेले नसेल, पण त्यानंतरचा सगळा अंक आम्ही दोघे वेगळ्याच जागी उभे राहून केला.

लिहिता लिहिता त्या गृहस्थांवरचा राग ओसरला. त्यांनी बिचाऱ्यांनी एखादे नाटक एकदा पाहिले असेल. दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय काय बदलले हे कळणार कसे? खरा राग आमच्याच लोकांवर आहे. दिवसभर मालिकेचे चित्रीकरण, मग वाहतुकीतून धडपडत नाट्यगृह, मेकअप होतो न होतो तोच तिसरी घंटा! अशा थकलेल्या नटाला स्वतःची वाक्ये आठवली तरी पुष्कळ झाले, तो समोरच्याचे काय ऐकणार? त्यात कोणी आजारी पडले की बदली कलाकाराला घाईघाईने हालचाली दाखवून उभे करतात. पोट सगळ्यांना आहे, नाइटच्या, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या, पैशांत घर चालत नाही, हे मलाही कळते. तरीही प्रयोगाच्या दिवशी नटाला दुपारीच मोकळे करावे, हे निर्मात्यांनी करारातच लिहून घ्यायला हवे. पुढच्या नाटकाच्या वाचनाला बसण्याआधी मी तरी ही अट घालणार आहे.