मेस लावा, पण जेवू नका

पुण्यात शिकायला आलात? मग कॉलेजचं वेळापत्रक नंतर पाहा, आधी मेस लावा. सदाशिव, नारायण, शनिवार, कुठल्याही पेठेतल्या बोळात अरुंद जिना आणि जिन्याखाली चपलांचा ढीग दिसला की वर मेस आहे असं समजायचं. महिन्याचे पैसे आगाऊ भरा आणि कार्ड घ्या. कार्डावर ६० चौकोन असतात. ते सगळे भरायचे असतात असा गैरसमज नवीन मुलांमध्ये फार आहे.

हिशेब साधा आहे. ३० दिवस, दोन वेळा, म्हणजे ६०. चार रविवारी संध्याकाळी मेस बंद, उरले ५६. समजा ३२०० रुपये भरलेत, तर ताट ५७ रुपयांना पडलं. आता तुम्ही खरंच ५६ वेळा जेवायला गेलात तर मेसवाल्या काकूंचा धंदा बसेल. मेस चालते ती न येणाऱ्यांच्या जिवावर. शंभर कार्डं विकली म्हणून शंभर जणांची कणीक कुणी मळत नाही. तेव्हा माणुसकी ठेवा आणि ३५ वेळाच जेवा. ताट ९१ रुपयांना पडेल, आणि त्यात पापडही नसेल. उरलेल्या २१ वेळा वडापाव, अंडाभुर्जी, शेवपुरी, जे समोर येईल ते. त्याचे पैसे अर्थातच वेगळे.

खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करण्याचा, नियम भिंतीवर लिहिलेला असतो: सलग तीन दिवस, आदल्या दिवशी कळवल्यास. तुम्ही गावाला जाता शुक्रवारी रात्री आणि उगवता सोमवारी सकाळी. झाले दोन दिवस. शिवाय कळवता कधी, तर स्वारगेटला एसटीत खिडकीची जागा मिळाल्यावर. याला खाडा म्हणत नाहीत, दान म्हणतात.

जेवायला जायचंच असेल तर सव्वादोनला जा. साडेबाराला गेलात तर चपाती गरम मिळेल, भाजीत भाजी असेल, आणि मग तक्रार करायला काही उरणार नाही. सव्वादोनला चपाती वातड झालेली असते आणि डाव तळाला लागला की फक्त बटाटे वर येतात. सकाळची मटकीची उसळ रात्री तर्री चढवून मिसळ म्हणून येते, तिचं स्वागत करा. छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा थोडा सढळ पडलेला असतो. सालं निसटतात, चव साबणासारखी लागते आणि ब१ जीवनसत्त्वही बरंचसं जातं. पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलतात ते भातातल्या सोड्याबद्दल. पुरावा काय, तर जेवल्यावर लेक्चरला झोप येते. ताटभर पांढरा भात चेपल्यावर झोप तशीही येतेच, हे सांगून वाद बिघडवू नका.

नाश्ता हा प्रकार विद्यार्थ्याला नसतो. सकाळी चहा, त्यावर चहा, मग जेवण, आणि हात धुतल्या धुतल्या टपरीवर कटिंग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीराला मिळू देत नाही. म्हणजे मेसच्या पालकात जे काही लोह असेल ते दहा मिनिटांत निकालात काढायचं साधन टपरीवर हजर आहे.

रात्री साडेअकराला भूक लागते. तेव्हा कपाटात कपड्यांखाली दडवलेली केटल बाहेर काढा. दीड लिटरची, १५०० वॅटची, रेक्टरांच्या नियमावलीत बंदी असलेली. अर्धा लिटर पाणी, दोन पाकिटं मॅगी. आता झाकण बंद ठेवलंत तर पिठुळ पाण्याचा फेस चढतो, तोटीतून बाहेर येतो आणि खालच्या बैठकीच्या खाचेत उतरतो. म्हणून झाकण उघडं ठेवा. मग केटल बंदच होत नाही, कारण ती बंद होते आतल्या पट्टीपर्यंत वाफ पोचल्यावर, आणि तुमची वाफ तर छताकडे चालली आहे. पाणी आटतं, नूडल्स तळाला धरतात, खोलीभर करपट वास सुटतो आणि शेजारचे तिघं चमचा घेऊन दारात उभे राहतात. केटल धुऊ नका. सकाळी तिच्यातच दूध तापवा. ते तळाला लागेल आणि चहाला मसाल्याची चव येईल. मजल्यावर एकाच वेळी किती केटल्या लावाव्यात, हेही एकदा बघून ठेवा. एक केटल साडेसहा अँपिअर खाते. सोळाचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, दोन केटल्या मुकाट सोसतो, तिसरीला विचारात पडतो आणि चौथीला सगळा मजला अंधारात बसवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री चौथी केटल हमखास लागते.

एक जुनी चालही टिकवायला हवी. पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तुम्हीही वार लावा. कुणाच्या घरचा डबा एसटीने कोणत्या वारी येतो याची नोंद ठेवा. साताऱ्याचा मुलगा पिशवी घेऊन खोलीत शिरला की लगेच जाऊ नका, बरं दिसत नाही. चार मिनिटं थांबा. त्याहून जास्त थांबलात तर लाडवाच्या डब्यात फक्त कागद सापडेल. वाढदिवस कुणाचा कधी, हे तर पाठच हवं. हॉटेलात मात्र टीटीएमएम: तुझं तू, माझं मी. बिल येईपर्यंत ‘आपलं’, आल्यावर ‘तुझं’.

तीस तारखेला कार्ड घेऊन काकूंकडे जा आणि उरलेले २१ चौकोन पुढच्या महिन्यात धरा म्हणा. काकू बोलणार नाहीत, लाटणं भिंतीवरच्या पाटीकडे करतील. पाटी वाचा. वाचून झाली की पुढचे ३२०० मोजा. रविवारी गुलाबजाम आहेत, माणशी दोन.