आधी पाऊस बघा, मग त्याला प्रतीक म्हणा

कोकणावरच्या कुठल्याही कादंबरीचं किंवा सिनेमाचं रसग्रहण उघडा. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पाऊस येतोच, आणि तो 'नायकाच्या मनातल्या वादळाचं प्रतीक' असतो. समुद्र अथांग असतो, माड एकाकी असतो, पडका वाडा ऱ्हासाचं द्योतक असतो. घाटावरच्या माणसाने असं लिहिलं तर एकवेळ सोडून देता येतं. पण चिपळूण-कुडाळच्या कॉलेजातली मुलं, आपल्या वाचनालयांतले चार बुकं जास्त वाचलेले लोकही हेच लिहितात तेव्हा राग येतो. ज्याच्या पडवीत जूनपासून गळतंय, त्याने पावसाचा अर्थ गाइडात शोधायचा?

वस्तू आधी वस्तू असते. ती इथे कशासाठी वापरतात, वर्षाच्या कुठल्या महिन्यात, तिला कोण हात लावतं आणि कोणाला लावू देत नाहीत, हे ठाऊक नसेल तर तिचं प्रतीक करायच्या भानगडीत पडू नये. आणि हे ठाऊक असण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, तरी आपण ते ज्ञान घरी ठेवून रसग्रहण लिहायला बसतो.

उदाहरणाला २०१८चा 'तुंबाड' घेतो, कारण तो बहुतेकांनी पाहिलाय. (पाहिला नसेल तर पुढचे सहा परिच्छेद सोडा, गोष्ट फुटेल.) एक गोंधळ आधीच मिटवू. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही १९८७ची दोन खंडांची कादंबरी वेगळी आणि हा सिनेमा वेगळा. सिनेमाने गावाचं नाव घेतलं, कथानक नाही. तरीही 'कादंबरीतलं हे प्रतीक सिनेमात असं उतरलं आहे' छापाचे निबंध दरवर्षी लिहिले जातात. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड आहे, एवढाच या दोघांना जोडणारा धागा.

आता पाऊस. सिनेमाभर तो पडतोच आहे, म्हणून 'गूढता', 'भीती', 'औदासीन्य' अशी यादी तयार होते. पण इथल्या माणसाला पाऊस पडण्यात गूढ काय? किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मृगात पेरणी, आषाढात लावणी, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, दसऱ्याच्या आगेमागे कापणी. सगळं वर्ष या पावसाच्या येण्यावर बेतलंय, आणि तितकंच त्याच्या जाण्यावरही. तुंबाडातला पाऊस भयंकर वाटतो तो पडतो म्हणून नव्हे. तो जात नाही म्हणून. कापणीच्या वेळी पाऊस थांबला नाही तर काय होतं हे शेतकऱ्याला विचारा: भात आडवं पडतं आणि लोंबीतल्या दाण्याला शेतातच कोंब फुटतात. हाताशी आलेलं धान्य घरात येत नाही.

सिनेमाची कथा सांगते की हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. आणि त्याची पूजा केली म्हणून देवांनी तुंबाडवर पाऊस लादला. कापणीचं गणित मनात ठेवून ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की दिसतं, गावाला मिळालेली शिक्षा हस्तरच्याच मापाची आहे. वाड्यात सोनं, शेतात दाणा नाही. हे माझं वाचन आहे. त्यातला शापाचा भाग सिनेमात उघड सांगितलेला, कापणीचा भाग मी शेतातून आणलेला. रसग्रहणात ही रेघ स्पष्ट मारावी: हे कलाकृतीतून घेतलं, हे बाहेरून. ती मारली नाही की वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही हवेत बाण मारताय, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

मग पुरावा गोळा कसा करायचा? वहीत चार रकाने आखा. पान किंवा सिनेमातली वेळ, वस्तू, ती कुणाच्या हातात आहे, त्यानंतर काय बदललं. पहिल्या वाचनात वही उघडूच नका, नाहीतर गोष्ट निसटते. दुसऱ्या वेळी फक्त दोन किंवा तीन वस्तू धरा, दहा धरल्या तर वहीचा बाजार होतो. सिनेमा असेल तर एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. वस्तू एकदाच येऊन गेली तर ती प्रतिमा. ती परत आली, आणि परत येताना तिचा अर्थ सरकला, तर प्रतीक म्हणायला आधार मिळतो. दोन वेळा हा योगायोग असू शकतो. तीन नोंदी नसतील तर मी तरी प्रतीक हा शब्द वापरत नाही.

तुंबाडातलं सोन्याचं नाणं या वहीत घालून बघा. १९१८: नायक विनायकची आई वाड्याच्या म्हाताऱ्या मालकाची, 'सरकार'ची, चाकरी करते आणि तिच्या पदरात एक नाणं पडतं. ती ते घेऊन गाव सोडते, आणि परत तुंबाडला येणार नाही असं मुलाकडून वदवून घेते. १९३३: तोच मुलगा परत येतो, एका फेरीत मूठभर नाणी नेतो, ती राघव सावकाराला विकतो. १९४७: विनायकचा मुलगा पांडुरंग म्हणतो, मूठभर कशाला, हस्तरचा लंगोटच आणू, नाणी त्यातूनच पडतात ना. आणि शेवटी विनायक तो लंगोट पुढे करतो तेव्हा हाच पांडुरंग घेत नाही. तिसरा रकाना वाचा. एका नाण्यावर थांबलेली आजी आणि संपूर्ण लंगोटाला नाही म्हणणारा नातू, या दोघांच्या मधे एक माणूस आहे जो कधीच थांबला नाही. 'लोभाचे दुष्परिणाम' या दोन शब्दांत हे मावत नाही.

दुसरी नोंद त्याहून भारी निघते. पीठ आणि जेवण. पहिल्या भागात साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला भरवायचं काम आईचं, आई नसते त्या रात्री ते विनायकवर येतं. भुकेल्याला भरवा म्हणजे तो आपल्याला खाणार नाही. पुढे विनायक देवीच्या गर्भात, हस्तर असतो तिथे, उतरतो ते पिठाची बाहुली घेऊन. हस्तर ती खाण्यात गुंतला की नाणी ओढायची. शिवाय आपल्याभोवती रिंगण घालायचं तेही पिठाचंच. एकच पीठ आमिषही आणि कुंपणही! लहानपणी नाइलाजाने शिकलेलं काम मोठेपणी धंदा झाला. आता जास्त बाहुल्या नेल्या की जास्त हस्तर का येतात, हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. तिसरी नोंद आगीची आहे, ती तुम्हीच करा. विनायक कुणाला जाळतो आणि विनायकाला कोण, एवढी दोन नावं पुरेत.

आशयसूत्राबद्दल, म्हणजे कलाकृती काय म्हणते याबद्दल, थोडक्यात. 'लोभ' हा विषय झाला, आशयसूत्र नव्हे. आशयसूत्राला क्रियापद लागतं. 'लोभ वारसाहक्काने येतो, पण वारसाला तो नाकारता येतो' हे वाक्य बरोबर आहे की चूक, यावर भांडता येतं. 'लोभ' या शब्दावर भांडता येत नाही, म्हणूनच तो सोपा वाटतो. वाक्य लिहिल्यावर त्याच्या बाजूचे तीन प्रसंग मांडा आणि विरुद्ध जाणारा एक मुद्दाम शोधा. विरुद्ध जाणारं काहीच सापडलं नाही तर बहुधा वाक्य इतकं ढोबळ आहे की ते कुठल्याही कलाकृतीला चिकटेल. आणि इतिहास जवळ ठेवा. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, १९४९च्या कायद्याने गेली. सिनेमाचा शेवटचा भाग १९४७मधे घडतो आणि वाडा सरकारजमा होण्याची टांगती तलवार आहे. विनायकची घाई नुसती हावरटपणाची नाही, त्या दाराला कुलूप लागणार आहे.

पात्रांकडे वळू. तिथे सर्वांत मोठी चूक विशेषणांची. 'बंडखोर', 'सोशीक', 'स्वाभिमानी' असं लिहिलं की पात्र संपलं. विशेषणं खोडून क्रियापदं लिहा: तो काय करतो, काय करायचं टाळतो. मग लोक त्याला काय हाक मारतात ते लिहा, कारण आपल्याकडे हाक हीच कुंडली असते. पेंडशांच्या 'रथचक्र'मधे (१९६२) नायिकेला नाव नाही. वाचक चाळीसेक पानं जातात तरी हे लक्षात घेत नाहीत. नात्याच्या नावांनीच जिचं सगळं चालतं ती बाई कुणाची थोरली, कुणाची आई, पण स्वतःच्या नावाची कुणीच नाही. हे लेखकाने कुठे समजावून सांगितलेलं नाही, हाकांची यादी केली की कळतं.

नाव असेल तर त्याचा अर्थ शब्दकोशाआधी गावात विचारा. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'चानी' (१९७०, व्ही. शांताराम यांचा सिनेमा १९७७चा) वाचताना घाटावरचे वाचक त्या नावाला नुसतं लाडाचं नाव समजतात. मालवणीत चानी म्हणजे खार. गोऱ्या बापाची, सोनेरी केसांची पोर, तिला हे नाव. खार घराभोवतीच्या झाडांवर दिवसभर दिसते, सगळे बघतात, घरात कुणी घेत नाही, आणि फळ कुरतडलं की पहिला दगड तिलाच. एवढं कळल्यावर 'निरागसतेचं प्रतीक' लिहायला हात उचलत नाही.

आणखी एक. 'कोकणी वातावरण' असा सरसकट शब्द वापरू नका. पेंडशांचं कोकण दापोलीकडचं, खानोलकर आणि जयवंत दळवींचं वेंगुर्ल्याकडचं. मधे अख्खा किनारा आहे, बोली वेगळी, देव वेगळे, खोतीचा ताणही वेगळा. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्याआधीच्या पुस्तकात 'रत्नागिरी जिल्हा' दिसला म्हणून वेंगुर्ल्याचं पात्र रत्नागिरीत नेऊन बसवू नये. (हे होतं. छापील पुस्तकातही होतं.)

देवाधर्माच्या प्रसंगात तर स्थानिक ज्ञान नसेल तर हमखास पाय घसरतो. आरवलीच्या वेतोबाला, तिथल्या ग्रामदेवाला, भल्यामोठ्या चपला वाहतात. बाहेरच्याला त्या रिकाम्या चपलांत 'अनुपस्थिती' दिसते. गावाच्या लेखी तो रात्री राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, म्हणजे अर्थ बरोबर उलटा: तो हजर आहे आणि कामावर आहे. कौलाचंही तेच. देवाला प्रश्न घालून त्याच्या अंगावर पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, उजवा पडला तर होकार. बारीकसारीक रीत गावागणिक बदलते. रसग्रहणात मात्र कौल आला की 'अंधश्रद्धा' लिहून मोकळे. अहो, कौलाच्या प्रसंगात पाकळी सर्वांत कमी महत्त्वाची. प्रश्न कुणी घातला, कोणत्या शब्दांत घातला, आणि ज्याच्या आयुष्याचा निकाल आहे त्याला तिथे उभं राहायला दिलं का, हे तीन प्रश्न विचारले की गावाची सगळी उतरंड समोर येते.

गाऱ्हाण्याचं, म्हणजे गुरव देवापुढे गावाचं मागणं मांडतो त्याचं, दृश्य असेल तर काम आणखी सोपं. कॅमेरा गुरवावर असतो, बघणाऱ्याचे डोळेही त्याच्यावरच. 'बा म्हाराजा' झालं की मागचा जमाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. परत लावा, आवाज बंद करा, आणि त्या जमावात कुणाचे ओठ मिटलेले आहेत ते शोधा.