‘आमच्या बायका ओढत नाहीत’ : डिचोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डिचोलीकर,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. गरोदर बाईची विडी, सिगारेट किंवा मिश्री सुटावी यासाठी उपकेंद्रातली आरोग्यसेविका, डॉक्टर, दातांचे डॉक्टर, समुपदेशक आणि अंगणवाडीताई यांनी एकमेकांना धरून काम करावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की गोव्यात तंबाखू देशात सर्वांत कमी, आमच्या बायका ओढत नाहीत, हे इंग्लंडचं खूळ इथं कशाला? आणि एखादी ओढत असलीच, तर दिवस गेल्यावर आपसूक सोडते. शेवटच्या चार ओळींत मात्र पुण्यातली पुतणी आली. पाचवा महिना, दिवसाला दोन-तीन सिगारेटी, आणि ‘एकदम सोडलीस तर ताण येईल, तेवढ्या चालतील’ असं तिला कुणीतरी सांगितलंय. ज्या बायका नाहीतच म्हणता, त्यांतली एक तुमच्याच घरात निघाली. टोमणा मारत नाहीये, पण माझा सगळा मुद्दा या दोन वाक्यांच्या मधेच आहे.

आकडा तुमचा बरोबर आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात २८.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते, गोव्यात ९.७ टक्के. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा आपला कायदा १९९७ चा, म्हणजे केंद्राच्या २००३ च्या कायद्याच्याही आधीचा. अभिमान वाटायला हरकत नाही. पण जिथं व्यसन थोड्यांना असतं आणि बाईला असणं नामुष्कीचं मानलं जातं, तिथं ती सांगत नाही. सासू शेजारच्या बाकावर बसलेली असताना ‘काही व्यसन?’ असं विचारलं, तर कोण हो म्हणेल?

‘आपल्या बायका कधीच ओढत नव्हत्या’ हेही खरं नाही. धुमटी आठवते? पानात तंबाखू गुंडाळून केलेली ती शंकूसारखी विडी. पेटतं टोक तोंडात धरून ती उलटी ओढणाऱ्या गोव्यात प्रामुख्याने बायका होत्या. या उलट्या धुमटीमुळे तोंडात काय होतं, ते पाहायला ५,४४९ गावकऱ्यांची तपासणी झाली आणि तो अभ्यास १९७६ मध्ये छापून आला. इंग्लंडहून आलेलं खूळ नव्हतं ते.

आणि मिश्री? ती तर व्यसनात कुणी मोजतच नाही, दात घासायची म्हणतात. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, दिवस पुरे होण्याआधीच्या बाळंतपणांचं प्रमाणही जास्त होतं. सिगारेटच्या पाकिटावर भयानक चित्र असतं, २०१८ पासून मदतीचा नंबरही असतो. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीच्या डबीवर चित्रही नाही नि नंबरही नाही. म्हणून केस पेपर लिहिताना ‘धूम्रपान?’ एवढंच विचारून भागत नाही. मिश्री, पान-तंबाखू, विडी, सिगारेट अशी एकेकाची नावं घेऊन विचारावं लागतं, आणि घरात कोण ओढतं तेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशी हेच सांगतात: पहिल्याच तपासणीत विचारा आणि पुढेही दर खेपेला विचारा.

आता ‘आपसूक सोडते’. काही जणी सोडतात, अगदी पहिल्या महिन्यात. राहतात त्या सगळ्यांत जास्त अडकलेल्या. ग्लासगोत ६१२ गरोदर धूम्रपान करणाऱ्या बायकांवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापला गेला. नेहमीची मदत मिळालेल्यांपैकी गरोदरपण संपेपर्यंत ८.६ टक्के सुटल्या. त्याच मदतीच्या जोडीला सोडल्याबद्दल खरेदीची कुपनं मिळालेल्यांपैकी २२.५ टक्के. दोन्हीकडच्या आयांना बाळाची माया सारखीच होती ना? आपण कुपनं वाटावीत असं मी म्हणत नाही. (तिकडे ई-सिगारेटचाही आधार घेतात. आपल्याकडे २०१९ पासून त्यावर बंदी आहे, आणि ती उठवा असंही मी म्हणत नाही.) नुसती माया पुरत नाही, एवढंच सांगतोय.

इंग्लंडकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. तिथं पहिल्या भेटीतच सुईण फुंकर मारायला लावून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजते. आकडा चार किंवा वर गेला की नाव सल्लागाराकडे जातं आणि सल्लागार स्वतः फोन करतो. नको असेल तर बाईने नाही म्हणावं, पण मदत मागायला तिला दारोदार जावं लागत नाही. आपल्याकडे काय होतं? ‘सोडा हं, बाळाला वाईट’, आणि पुढचा नंबर. हिमोग्लोबिन आठ आलं तर आपण ‘घरी जाऊन वाढवा’ म्हणतो का? कार्डावर नोंद होते, लोहाच्या गोळ्या मिळतात, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं जातं. तंबाखूलाही तेवढीच वागणूक द्या, एवढीच मागणी आहे.

या सगळ्यांना तुम्ही ‘फौज’ म्हणालात. नवी माणसं कुठे मागितली मी? गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. मिश्रीचे डाग दातांच्या डॉक्टरांना दिसतात, पोषण आहार न्यायला बाई अंगणवाडीत येतेच. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक असतं आणि कुणीच कुणाला सांगत नाही. बाळंतपणानंतर तर सगळेच विसरतात, आणि पुन्हा सुरू होतं ते नेमकं तेव्हाच.

‘असतील तर त्या बाहेरून आलेल्यांच्यात’ हेही तुम्ही लिहिलंय. वेर्ण्याच्या कारखान्याजवळ खोली घेऊन राहणारी बाई इथल्याच दवाखान्यात बाळंत होते. यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या पुतणीचं आता. दोन-तीन चालतात, हे चूक आहे. कमी मिळते तेव्हा माणूस तीच सिगारेट खोल ओढतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने रक्ताला चिकटतो, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो, वार वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. सोडताना चिडचिड होते ती तलफेची, आणि सिगारेट तेवढीच तलफ भागवते. सोडली की ही तलफ काही आठवड्यांत ओसरते. पहिल्या १५ आठवड्यांत सोडणं सर्वांत चांगलं, पण पाचव्या महिन्यातही फायदा आहेच. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जातो.

निकोटीनची च्युइंगगम तिने स्वतःहून आणू नये, तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच. सिगारेट सोडवण्याच्या गोळ्या, म्हणजे ब्युप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन, गरोदरपणात नकोच. १८००-११-२३५६ या नंबरवर फुकट समुपदेशन मिळतं. पण नुसता नंबर पाठवून मोकळे होऊ नका, ती कबूल असेल तर फोन लावताना कुणीतरी तिच्याजवळ बसा. घरच्या इतरांना सांगायचं की नाही ते तिला ठरवू दे. आणि नवरा ओढतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असेल तर पुढच्या तपासणीला त्यालाही डॉक्टरांसमोर बसवा.