'थोडं वाचून लिहा' म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. आतड्यातले परजीवी एकमेकांवर परिणाम करत एक समुदाय म्हणून राहतात, असं म्हणणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आतड्यात परजीवींचा 'समुदाय' वगैरे काही नसतो. प्राण्याच्या पोटात योगायोगाने जे जे गेलं, त्याचा तो ढीग. थोडं वाचून लिहा." वर आणखी चार मुद्दे.

मतभेदाचं मला काही नाही. पण 'थोडं वाचून लिहा'? अहो, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सहा वर्षं उंदरांची आतडी उलगडण्यात गेली. जेवायला बसलं तरी बोटांना फॉर्मॅलिनचा वास. आतडं उभं चिरून मिठाच्या पाण्यात पसरलं की फीतकृमीची (टेपवर्मची) पांढरी फीत तरंगायला लागते, डोकं मात्र भिंतीला घट्ट. हे मी वाचलेलं नाही, चिमट्याने सोडवलेलं आहे.

तुम्ही दाखवलेली एक चूक कबूल. काटेरी डोक्याच्या कृमीचं 'तोंड' असं मी लिहिलं होतं. त्याला तोंडही नसतं आणि आतडंही. दुरुस्त केलंय, आभार. पण फीतकृमीलाही ते नसतं! दोघेही यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या पोटात राहतात त्या प्राण्याच्या, आतड्यातली साखर अंगाच्या त्वचेतूनच शोषतात, आणि खरी ओढाताण तिथेच आहे. १९६१ साली परजीवींचे अभ्यासक जॉन होम्स यांनी उंदरांमध्ये हे दोघे एकत्र वाढवून पाहिले. एकटा असला की फीतकृमी लहान आतड्याच्या पुढच्या भागात बस्तान मांडतो. हा काटेरी शेजारी असला की मागे सरकतो. ढिगातली वस्तू शेजारी कोण आहे ते बघून जागा बदलते का हो? गोगलगायीत तर सरळ मारामारीच. काही पर्णकृमींच्या (पानासारख्या चपट्या परजीवींच्या) गोगलगायीत वाढणाऱ्या रेडिया नावाच्या अळ्यांना तोंड असतं, आणि त्या दुसऱ्या जातीच्या अळ्यांना चक्क खातात. हाही योगायोगच म्हणायचा?

आत कोण शिरणार हे बरंचसं नशिबावर, हे मान्य. तसं मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात म्हटलंय. तिथवर वाचायचे कष्ट आपण घेतले असते तर... असो. वाचून लिहावं, हे आपलंच म्हणणं ना?

राहिले तीन मुद्दे. 'प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे रानातला प्राणी नव्हे' हा जुनाच आक्षेप, त्यात आत्ता शिरत नाही. रोगप्रतिकारशक्तीचा विषय वेगळा. आणि चित्र पुसट आहे म्हणता, तर ते तसंच राहील. मूळ स्लाइडच जुनी आहे.