डॅशबोर्ड आला म्हणून एमआयएस विभाग बंद करता येत नाही

खानदेशातील उद्योजकांमध्ये सध्या एक मजकूर सर्रास फिरत आहे. पॉवर बीआय किंवा टॅब्लोसारखे इंटरॅक्टिव्ह रिपोर्टिंगचे सॉफ्टवेअर घेतले की मालकाला मोबाईलवर डॅशबोर्डमध्ये, म्हणजे आकडे एकत्र दाखवणाऱ्या स्क्रीनवर, त्या क्षणाचे आकडे दिसतात, प्रत्येक अधिकारी हवा तो रिपोर्ट स्वतः काढतो, एक्सेल लागत नाही आणि म्हणून एमआयएस विभागाचा, म्हणजे व्यवस्थापनासाठी आकडे गोळा करून तक्ते बनवणाऱ्या विभागाचा, खर्च वाचतो, असा त्याचा आशय आहे. ही सॉफ्टवेअर उपयोगाची आहेत, याबद्दल दुमत नाही. महिनाअखेरच्या छापील गठ्ठ्याची वाट पाहण्यापेक्षा शाखा, माल किंवा तारीख निवडून आकड्याच्या मुळाशी जाता येणे केव्हाही चांगले. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो मानून जळगाव-धुळ्यातील एखाद्या मोठ्या कंपनीने माणसे कमी केली, तर त्या माणसांबरोबर कंपनीचेही नुकसान होईल.

‘त्या क्षणाचे आकडे’ हा पहिला दावा. पॉवर बीआयचे पुष्कळ रिपोर्ट मूळ डेटाच्या प्रतीवर चालतात आणि प्रो परवान्यावर ती प्रत ठरवून दिलेल्या वेळांना, दिवसातून जास्तीत जास्त ८ वेळा रिफ्रेश होते. डायरेक्टक्वेरी ही थेट पद्धतही आहे, पण तीत प्रत्येक क्लिकचा भार मूळ डेटाबेसवर पडतो आणि रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. त्याहून मोठी अडचण सॉफ्टवेअरच्या बाहेरची आहे. चोपड्याच्या खरेदी केंद्रावरील वजनकाट्याच्या पावत्यांची नोंद संध्याकाळी होत असेल, तर दुपारी दोन वाजता स्क्रीनवर दिसणारी आवक कितीही वेळा रिफ्रेश केली तरी कालचीच राहणार.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. प्रत्येकाने आपला रिपोर्ट आपणच काढावा हे ऐकायला छान वाटते, पण एका साध्या आकड्याचे काय होते ते पाहा. समजा, एका जिनिंग केंद्राने १,००० क्विंटल कापसातून ३६ टक्के रुई (सरकी वेगळी केलेला कापूस) काढली आणि दुसऱ्याने ९,००० क्विंटलमधून ३३ टक्के. खरेदी अधिकाऱ्याने ‘उतारा’ (कापसातून निघालेल्या रुईची टक्केवारी) हा रकाना ओढून त्यावर सरासरी लावली, तर स्क्रीनवर ३४.५ टक्के दिसेल. प्रत्यक्षात १०,००० क्विंटलमधून ३,३३० क्विंटल रुई निघाली असल्याने खरा उतारा ३३.३ टक्के आहे. सॉफ्टवेअरने चूक केलेली नाही, सांगितले तेच केले. पण १.२ टक्क्यांनी जास्त दिसणाऱ्या या उताऱ्याच्या भरवशावर भाव ठरवला, तर हंगामाचा नफा त्यातच जाऊ शकतो. हीच गत परिमाणांची होते. एका शाखेने रुईचा साठा ३५६ किलोच्या खंडीत लिहिला आणि दुसरीने १७० किलोच्या गाठींत, तर दोन्हींची बेरीज डॅशबोर्ड बिनतक्रार करून दाखवतो. शिवाय कापसाचे वर्ष ऑक्टोबरपासून धरतात आणि हिशेबाचे एप्रिलपासून. ‘यंदा’ म्हणजे कोणते वर्ष, हे आधी ठरवून दिले नसेल, तर खरेदी विभाग आणि लेखा विभाग एकाच बैठकीत दोन वेगळे आकडे घेऊन येतात, आणि दोघांचेही रिपोर्ट आपापल्या परीने बरोबर असतात.

कोणाला काय दिसावे, हा प्रश्नही याच दाव्याच्या पोटात आहे. शाखेने फक्त आपलेच आकडे पाहावेत म्हणून पॉवर बीआयमध्ये ओळींच्या पातळीवर बंधन घालता येते. परंतु वर्कस्पेसमध्ये, म्हणजे रिपोर्ट ठेवण्याच्या सामायिक जागेत, ज्याला बदल करण्याचा अधिकार दिला आहे, त्याला हे बंधन लागू होत नाही; ते केवळ पाहणाऱ्यांसाठी आहे. सर्वांना रिपोर्ट करता यावेत म्हणून सर्वांना तो अधिकार देणे म्हणजे प्रत्येक शाखेपुढे सगळ्या कंपनीचे भाव उघडे करणे होय.

एक्सेल संपते, हे म्हणणेही टिकत नाही. बँकेला दरमहा द्यायचे कॅश क्रेडिटचे (मालाच्या तारणावरील कर्जाचे) स्टॉक स्टेटमेंट बँकेच्या नमुन्यातच भरावे लागते, आणि पॉवर बीआयमधून एक्सेलमध्ये दीड लाख ओळींपर्यंत डेटा काढण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे.

राहिला एमआयएस विभाग. रोज तेच तक्ते जुळवण्याचे त्याचे काम कमी होईल, हे खरे आहे. पण उताऱ्याचे सूत्र ठरवणे, खंडी आणि गाठी एका परिमाणात आणणे, दोनदा नोंदवला गेलेला पुरवठादार एक करणे आणि कोणाला कोणता अधिकार द्यायचा याची नोंद ठेवणे, हे काम सॉफ्टवेअर आल्यानंतर वाढते, आणि ते त्यांनाच जमते ज्यांनी या पावत्या वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत. म्हणून खर्चाचा अंदाज काढताना परवान्यांच्या किमतीशेजारी या लोकांचे पगार आणि प्रशिक्षण धरले पाहिजे, ते त्यातून वजा करता कामा नये.