बँकॉक उरकण्याचा शास्त्रोक्त विधी

बँकॉकला जायचं ठरवलंत, अभिनंदन! आता पहिलं काम म्हणजे तिथे कमीत कमी वेळ कसा राहावा लागेल याची तजवीज. चार रात्री, पाच दिवस ही मुदत आपल्याकडे वेदोक्त मानली जाते. त्यातल्या दोन रात्री पट्टायाच्या, एक अख्खा दिवस सफारी पार्कचा, अर्धा दिवस खरेदीचा, शिवाय जाण्यायेण्याचे दोन लंगडे दिवस. एवढं वजा केलं की शहराच्या वाट्याला एक दुपार उरते. कोटभर वस्तीच्या शहराला एक दुपार पुष्कळ झाली. पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, 1782 साली वसवलेली राजधानी आहे. कुठे पळून जात नाही.

वार नीट निवडा. चातुचकचा प्रचंड बाजार शनिवार-रविवारी खऱ्या अर्थाने भरतो, तेव्हा ते दोन दिवस पट्टायात घालवावेत. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं, म्हणून शहरातला मुक्काम त्याच दोन दिवसांत बसवावा. एप्रिलमध्ये गेलात तर उत्तम. मुलांना सुट्टी असते आणि तिथला सर्वांत तापलेला महिनाही तोच.

विमान रात्रीचंच हवं. चार-साडेचार तासांचा प्रवास, त्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे झोपेचा प्रश्न परस्पर निकालात निघतो. पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरायचं. तिथून शहरात जाणारी रेल्वे आहे, अर्ध्या तासात फाया थाईला पोहोचवते, तिकीट फार तर 45 बाथ. पण तुम्ही ग्रुपबरोबर आहात. तुमची बस विमानतळावरूनच शहराकडे पाठ फिरवून पट्टायाला निघेल. बसमध्ये टूर मॅनेजर माईक हातात घेऊन सगळ्यांना ओळखी करून द्यायला लावेल. कोथरूडचे जोशीकाका, डोंबिवलीचे राणेकाका आणि त्यांच्या मिसेस, नाशिकहून आलेलं नवं जोडपं (त्यांना सगळ्यात मागची सीट आणि सगळ्यांचे टोमणे). मग अंताक्षरी. खिडकीतून थायलंड दिसू लागलं तर पडदा ओढून घ्या, ऊन येतं.

पट्टायाबद्दल सविस्तर लिहीत नाही. प्रवाळ बेटावर पॅराशूटला टांगून घ्यायचं, संध्याकाळी रोषणाईचा शो, आणि वाटेत रत्नांची एक अवाढव्य शोरूम. तिथे छोट्या गाडीत बसवून अंधारात माणकांचा इतिहास दाखवतात आणि गाडी थेट काउंटरपाशी आणून सोडतात. शो पाहताना बायकांकडे न बघता बघायचं कसं, हे काका लोकांना शिकवावं लागत नाही. सिमेंट, टायर किंवा रंगाच्या डीलर मीटला कंपनीच्या खर्चाने येणाऱ्यांची यात्रा वेगळी. तिचं वर्णन ते स्वतःही घरी करत नाहीत. ऑफिसात ‘बँकॉकला चाललोय’ म्हटल्यावर डोळा मारणारे जे सहकारी आहेत, त्यांच्या लेखी एवढ्या मोठ्या शहरात चारशेच्या वर देवळं असणं ही निव्वळ शासकीय चूक आहे.

असो. शहरात परतलात. हॉटेल बहुधा प्रतुनाममध्ये असेल. खाली घाऊक कपड्यांची दुकानं, कोपऱ्यावर पंजाबी थाळी, लॉबीत निम्मे लोक मुंबईचे. आता जुन्या शहराकडे जायचं म्हणता? हॉटेलपासून चालत पाच-दहा मिनिटांवर सेन सेप कालव्याचा धक्का आहे. चुकूनही तिकडे फिरकू नका. लांबलचक बोट धक्क्याला जेमतेम टेकते न टेकते तोच लोक उड्या मारतात. तिकीटवाली बाई हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत येते, आत नाही, बाहेरून! वीसेक बाथ घेते. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेला प्रवासी न सांगता दोरी ओढतो, निळी ताडपत्री वर चढते आणि कालव्याचं काळं पाणी तिच्यावर आपटून परत जातं. एखाद्याच्या घराच्या मागच्या ओट्यावर वाळत घातलेले कपडे हाताच्या अंतरावरून जातात. वाहतुकीत न अडकता इतक्या लवकर पोहोचलात तर उरलेल्या वेळाचं करणार काय? त्यापेक्षा टॅक्सी करा. मीटर 35 बाथपासून सुरू होतो, मग एका सिग्नलला बसून त्याच्याकडे टक लावून पाहा आणि रुपये काढायला प्रत्येक आकड्याला त्या दिवशीच्या दराने गुणत राहा. बाकी शहर बघायचं राहिलं तरी चालेल, पाढा पक्का होतो.

स्कायट्रेनमध्ये बसायचा मोह झालाच तर सकाळी आठ किंवा संध्याकाळी सहाची वेळ साधा. त्या ठोक्याला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं आणि सगळी गर्दी असेल तिथे थांबते. ऑफिसची मुलगी मनगटाला अडकवलेल्या कॉफीच्या पिशवीसकट, शाळकरी पोरं, सुरक्षारक्षक, फरशी पुसणारी बाई, सगळे खिळल्यासारखे उभे. अशी संधी दिवसातून दोनदाच येते. ‘अहो, चला चला, रिकामंच आहे!’ असं मोठ्याने म्हणत सहकुटुंब त्यांच्यामधून वाट काढत सरळ पुढे जावं. लोक काही बोलणार नाहीत. थाई माणूस सहसा हसतो, आणि त्या हसण्याचा अर्थ काय याची चौकशी न केलेली बरी.

आता ती सुप्रसिद्ध दुपार. राजवाड्याला जाताना पुरुषांनी बर्म्युडा आणि बायकांनी बिनबाह्यांचं काहीतरी घालणं आवश्यक आहे. त्याशिवाय दारावर अडवतील कसे? अडवल्यावर समोरच्या फुटपाथवरून हत्तीची नक्षी असलेली ढगळ पँट घ्या. ती पँट नंतर कॉलनीच्या गणपतीत पाच वर्षं चालते.

मग तिकीटखिडकी. परदेशी माणसाला 500 बाथ, थाई माणसाला फुकट. इथे संताप अनावर झाला पाहिजे. ‘ही सरळसरळ लूट आहे!’ हे वाक्य मराठीतून, पण तिकीटवालीला कळेल इतक्या आवाजात म्हणा. आपल्या वेरूळच्या लेण्यांना देशी माणसाला 40 आणि परदेशी पाहुण्याला 600 रुपये पडतात, ही आठवण त्या क्षणी होता कामा नये. आणि थायलंड आपल्याबरोबर बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटात असल्यामुळे वेरूळला आलेल्या थाई माणसाकडून आपलं पुरातत्त्व खातं 40 रुपयेच घेतं, हे तर अजिबात कुणाला सांगू नका. सगळी चीडच पंक्चर होते.

अर्थात, तुम्ही तिकीटखिडकीपर्यंत पोहोचाल अशी शक्यता कमीच. त्याआधीच भिंतीच्या कडेला एक सद्गृहस्थ भेटतील. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, स्वच्छ इंग्रजी. कुठून आलात? इंडिया? त्यांना फार आनंद होईल. मग चेहरा पाडून ते सांगतील की राजवाडा आज बंद आहे, मोठी पूजा चालू आहे, दुपारनंतर या. तोवर हा आपला टुकटुकवाला वीस बाथमध्ये तीन देवळं दाखवेल. त्यांच्या पाठीमागे फाटकातून शेकडो लोक आत जात असतील, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका असा फलकही लावलेला असेल. तिकडे पाहू नये. आपल्याकडे रिक्षावाला आपणहून मीटर टाकतो म्हणाला तरी मागच्या सीटवर मोबाइलवर नकाशा उघडून बसणारे आपण! पण परदेशात माणसाने थोडं भाबडं असावं. पहिलं देऊळ खरोखरचं निघेल. दुसरं निघेल शिंप्याचं दुकान, 24 तासांत सूट शिवून देणारं, आणि तिसरं रत्नांचं. टुकटुकवाल्याला दुकानदाराकडून पेट्रोलचं कूपन मिळतं, शिंप्याला गिऱ्हाईक मिळतं आणि तुम्हाला कारखान्याच्या भावात नीलम. सगळे सुखी.

आणि वाचलात कशातून, तेही ऐका. आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती 66 सेंटिमीटरची, नावात पाचू असला तरी जेडची, आणि वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, तिचा पोशाख खुद्द राजा बदलतो. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर रामायण रंगवलेलं आहे, 178 चित्रं, त्यांच्या रामाकियनप्रमाणे. त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी मत्स्यकन्या रावणाची मुलगी निघते आणि मारुतीराया तिच्या प्रेमात पडतात. मुलगाही होतो! आता हे सगळं पाहून सासूबाईंना काय उत्तर देणार होतात?

नदीकाठी आणखी थोडं पुढे वात फो नावाच्या देवळात 46 मीटर लांबीचा बुद्ध आडवा पहुडलेला आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या कोंदणात 108 शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला ओळीने 108 कांस्यपात्रं मांडलेली, लोक एकेकात नाणं टाकत जातात आणि त्या टणटण आवाजाची एक संथ लय देवळात चालू राहते. तुम्ही चेहऱ्यापाशी उभे राहून फोटो काढून घ्या आणि निघा, पायांपर्यंत चालायला वेळ जातो. पलीकडच्या काठावरचं वात अरुण म्हणजे चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर. होडीने पाच मिनिटांत जाता येतं, पण ते याही काठावरून झूम करून दिसतं.

एरावानच्या चारमुखी ब्रह्मदेवाला मात्र जाच. मॉलच्या वाटेवरच आहे. 1956 साली शेजारी हॉटेल बांधताना एकामागून एक विघ्नं आली म्हणून ब्रह्मदेव बसवला, अशी त्याची कथा. आपल्या देशात ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, इथे भर चौकात रांग लागते. ज्याचा नवस फळला तो पैसे भरतो आणि मुकुट घातलेल्या नर्तकी गुडघ्यावर बसलेल्या त्या माणसाचं नाव घेऊन नाचतात. आपल्याकडची नवस फेडायची पद्धत त्यांना शिकवायला आपण दोन मिनिटं तरी थांबलंच पाहिजे. ‘इकडेही आपलीच संस्कृती!’ एवढा मजकूर टाइप करून फॅमिली ग्रुपवर फोटो सोडा. राजदरबारी पुरोहितांचं देवस्थान, तिथली ब्राह्मण परंपरा, शेजारचा तांबडा भव्य झोका वगैरे भानगडीत शिरलात तर ‘आपलीच’ या शब्दाला बऱ्याच तळटीपा जोडाव्या लागतील.

जेवणाबद्दल काळजी नको, कारण वीस किलोंपैकी नऊ किलो सामान ठेपले, चिवडा, मेतकूट आणि इलेक्ट्रिक किटलीचंच असेल. शाकाहाऱ्यांना एक धोक्याची सूचना. काही गाड्यांवर आणि दुकानांवर पिवळा झेंडा असतो, त्यावर लाल रंगात ‘जे’ लिहिलेलं. याचा अर्थ मांस नाही, मासळीचा रस नाही, अंडं नाही, इतकंच काय, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासातल्या आजीलासुद्धा चालेल असं जेवण. हा झेंडा ओळखायला शिकलात तर ‘तिकडे आपल्याला खायला काही म्हणजे काही मिळत नाही’ हे वाक्य उरलेल्या आयुष्यात कायमचं गमवाल. विचार करा. तशीच दुसरी जोखीम म्हणजे खनोम ख्रोक. फुटपाथवर एखादी आजीबाई खळगे असलेल्या लोखंडी तव्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतत बसलेली दिसेल. थेट आपलं आप्पेपात्र. कडा कुरकुरीत, पोटात दाट गरम नारळ, जीभ भाजते. तिथे थांबलात की चार घास खाल्ले जातात आणि रात्रीच्या इंडियन बुफेतलं पनीर वाया जातं. आंबा आणि चिकट भात समोर आला तर चव घेण्याआधीच ‘हापूसची सर नाही’ म्हणून टाका. नंतर म्हणणं अवघड जातं.

खरेदीला वेळ कमी पडू देऊ नका. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तो तुमच्यासमोर धरेल. तुम्ही निम्मा दाबा. ती कपाळाला हात लावेल, तुम्ही दोन पावलं चालून दाखवा. दरम्यान बायकोशी मराठीत मसलत चालू ठेवा, ‘दीडशेच्या वर जाऊ नकोस गं, भुलेश्वरला हेच ऐंशीला मिळतं.’ विक्रेतीचा चेहरा कोरा राहील, बोटं मात्र 150 दाबतील. तिच्यासमोरून तुमच्यासारखे दिवसाला किती जातात!

घरी परतलात की तुम्ही बँकॉकचे तज्ज्ञ झालेले असता. शेजारचे देशपांडे पुढच्या महिन्यात जाणार असतील, तर त्यांना बोलावून चहा पाजा आणि कार्यक्रम आखून द्या. किटली न्या, पट्टायाला तीन रात्री ठेवा, सिल्क दोन दुकानं सोडून तिसऱ्यात घ्या, नीलमाच्या दुकानात आमचं नाव सांगा, सूट देतात. आणि वहिनींनी राजवाड्याचं विचारलंच तर ठासून सांगा, ‘तिकडे वेळ घालवूच नका, तो बंद असतो.’